न्हाई लाल, नाही हिरवं

"समाधान्या, थांब तिथंच! म्होरं पाऊल टाकलंस तर ह्योच पंप घालीन टकुऱ्यात!"

सकाळी साडेसातला असं स्वागत झाल्यावर मी गाडी बंद केली. थर्ड शिफ्ट करून घरी निघालो होतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं, आणि गिरजाकाकू पाठीला फवारणीचा पंप बांधून बांधावर उभी. बाई साठीच्या पुढची, पण आवाज असा की भिंतीपलीकडचा कंपनीचा वॉचमनसुद्धा टोपी सावरून उभा राहिला. तिच्या वावराला तिन्ही बाजूंनी कंपन्यांच्या भिंती आहेत. मध्ये वीस गुंठे उरलेत. तेवढ्यात ती कांदा करते, आणि मागच्या रस्त्यानं कंटेनर जाऊन जाऊन पातीवर जी धूळ बसते तिला शिव्या देते. आज मात्र शिव्या माझ्या वाट्याला आल्या होत्या.

"काय झालं काकू?"

"काय झालं? डोळं फुटलं का तुजं? त्यो बघ तिकडं."

भिंतीकडचे दोन वाफे माथ्यापासून पिवळे पडून मान टाकून बसले होते. पात भाजून काढल्यासारखी. बाकीचं रान हिरवंगार.

"औषध जास्ती पडलं व्हय?"

"तीन टोपनं टाकली. येक टाकायचं व्हतं. बाटलीवर समदं लिवल्यालं आसतं म्हनं. पन मला कुटं वाचाया येतंय? दर खेपंला पिंकीच्या हातात बाटली द्यायची. ती वाचायची, आज्जे, येका पंपाला येक टोपान. मग मी टाकायची. परवा बाटली दिली तर पोरगी बोलंचना. म्हनली, मला वाचता येत न्हाई. म्या म्हनलं, आगं भवाने, म्हैन्याआदी तर यीत व्हतं! तर रडाया लागली. म्हनली, शाळंतली पाटी म्हनती मला वाचता येत न्हाई."

मी हेल्मेट काढून हातात घेतलं.

"आठ दीस झालं, पोरगी कागदाकडं बघंना. आन ती पाटी शाळंत आनली कुनी? नारळ कुनी फोडला? सांग की. आता का दातखिळी बसली?"

मीच फोडला होता.

माझं नाव समाधान. नाव ठेवणाऱ्यांनी काय बघून ठेवलं देव जाणे, कारण मला एका गोष्टीत समाधान नसतं. चाकण एमआयडीसीत एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटीला आहे, आणि गावात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. आमच्या कुरणवाडीची शाळा चौथीपर्यंत, पोरं बत्तीस, शिक्षक दोन. कंपनी दर वर्षी आसपासच्या गावांना काहीतरी देते. एका वर्षी बाकं दिली, एका वर्षी पाण्याची टाकी. गेल्या वर्षी मी एचआरच्या साहेबाकडं जाऊन बसलो आणि म्हणालो, आमच्या पोरांना काहीतरी टेक्नॉलॉजीचं द्या, शहरात रावेतच्या शाळेतली पोरं बोट फिरवून शिकतात, आमच्यांनी काय पाप केलंय. पंधरा टॅब आले. गावात त्यांना सगळे पाटीच म्हणतात. भाषण झालं, नारळ फुटला, फोटोत मी पहिल्या रांगेत.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मजा आली. पाटीत गोष्टी होत्या. चित्र हलायचं, खाली अक्षरं यायची. पिंकीनं आठवड्यात सगळ्या गोष्टी संपवल्या आणि दुसऱ्या कुठायत म्हणून मॅडमच्या मागं लागली. ही पोरगी तिसरीत. आईबाप दोघंही कंत्राटावर कंपनीत, सकाळी सहाच्या बसनं जातात, म्हणून ही आजीजवळच वाढलेली. डोळ्यांसमोर अक्षर आलं की वाचल्याशिवाय राहायची नाही. खताची गोणी, कंटेनरची पाठ, लग्नाची पत्रिका. कंपनीच्या भिंतीवर लिहिलंय, 'आत येण्यास सक्त मनाई आहे'. ते ही मोठ्यानं वाचायची, "आत येन्यास सक्त मनाई हाय," आणि वाचून झालं की आत शिरून चेंडू घेऊन यायची.

अशा पोरीला वाचता येत नाही, असं पाटी म्हणते. मी घरी गेलो नाही. गाडी तशीच शाळेकडं वळवली.

आम्रपाली मॅडम काळेवाडीहून रोज स्कूटीवर येतात. त्यांचे वडील पिंपरीत फिटर होते, त्यामुळं शिफ्ट म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. माझ्याकडं बघून त्यांनी आधी चहा मागवला, मग मी काही विचारायच्या आत कपाटातून एक पाटी काढून माझ्यासमोर ठेवली.

"मला वाटलंच होतं तुम्ही येणार. आधी हे ऐका."

या महिन्यात पाटीत नवीन चाचणी आली होती. पोरानं समोरचा उतारा मोठ्यानं वाचायचा. पाटी ऐकते. शब्द बरोबर आला तर हिरवा, चुकला तर लाल. शेवटी पाटीच पोराचा स्तर ठरवते. मॅडमनी पिंकीचा आवाज लावला. उतारा असा होता: 'गावात पाणी नाही. आई विहिरीवर गेली आहे. बाळ झोळीत झोपले आहे. ते रडत नाही.'

आणि पिंकीचा खणखणीत आवाज आला, "गावात पानी न्हाई. आय हिरीवर गेली हाय. बाळ झोळीत झोपलंया. ते रडत न्हाई."

एका दमात, कुठं अडखळणं नाही. पाटीवर मात्र गावात, बाळ, झोळीत असे चार-सहा शब्द सोडले तर सगळं लाल. खाली मोठ्या अक्षरांत, 'स्तर शून्य. अक्षरओळख नाही.' आणि शेजारी एक रडणारं तोंड. आठ वर्षांच्या पोरीला दाखवायला रडणारं तोंड! ज्यानं ते बसवलं तो माणूस समोर असता तर मी त्याला तिथंच काय ते दाखवलं असतं.

"मॅडम, हिनं वाचलंय की सगळं."

"वाचलंय म्हणूनच चुकलंय," मॅडम म्हणाल्या. "ती एकेक अक्षर जुळवत बसत नाही. आहे दिसलं, अर्थ कळला, तोंडातून हाय आलं. घरात सगळे हाय म्हणतात. माझी आजी मरेपर्यंत न्हाई म्हणायची, तिला कुणी शून्य दिला नाही. आमच्या वर्गात ती करिष्मा आहे ना, नवीन आलेली, बिहारची? ती एकेक अक्षर नीट लावून वाचते. तिचं सगळं हिरवं. वाचून झाल्यावर मला विचारते, मॅडम, झोली मतलब क्या? तिची काही चूक नाही, शिकेल ती. पण पाटीच्या मते ती पुढं आणि पिंकी शून्य."

"मग सांगायचं ना वरती."

"ही चाचणी चालवणाऱ्या संस्थेला तीन वेळा फोन केला. म्हणाले, मॅडम, मुलांना शुद्ध उच्चार शिकवा, म्हणजे निकाल सुधारेल." मॅडमनी चहाचा कप जोरात खाली ठेवला. "सहा मुलं शून्यात आहेत. सहाही इथल्या जुन्या घरांतली. सोमवारपासून ती वर्षभर पहिलीच्या मुलांबरोबर बसणार, पाटीवर अ अननसाचा गिरवत. शनिवारी त्या संस्थेचा माणूस पालकांच्या सह्या घ्यायला येतोय. सही झाली की मला काही करता येत नाही."

"आणि पोरीला कुणी सांगितलं की तू शून्य?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? रडणारं तोंड सगळ्या वर्गानं पाहिलं. त्या दिवसापासून मुलं तिला शून्यी म्हणतात. मी दोघांना मारलं. मारायला नको होतं, पण मारलं."

मी बाहेर आलो. व्हरांड्याच्या टोकाला पिंकी एकटी बसली होती. समोरच्या भिंतीवर बाराखडी, वर सुविचार, बाजूला खिचडीचा तक्ता. पोरगी भिंतीला पाठ करून बसली होती. मला स्वतःचाच राग आला. पहिल्या रांगेत उभं राहून हसत फोटो कुणी काढून घेतला होता?

शनिवारी सकाळची शाळा. नऊ वाजता पांढरी गाडी आली आणि तिच्यातून संस्थेचा अजिंक्य उतरला. पुण्याचा पोरगा, पंचविशीतला, गळ्यात पट्ट्याला लटकवलेलं ओळखपत्र, बोलायला गोड. त्याच्यावर चिडायचं ठरवून आलेल्या माणसालाही अवघड जावं इतका गोड. वर्गात आम्ही सगळे जमलो. सहा पोरं, त्यांचे पालक, मॅडम, मी. गिरजाकाकू वावरातून तशीच आली होती, पायाला चिखल घेऊन. पिंकी तिच्या पदराआड.

"कुणीही वाईट वाटून घेऊ नका," अजिंक्य म्हणाला. "हा निकाल म्हणजे शिक्षा नाही. मूल नेमकं कुठं आहे ते आपल्याला कळतं."

"पोरगं कुटं हाय त्ये आमाला ठावं हाय," काकू म्हणाली. "तुजी पाटी कुटं हाय त्ये सांग."

लोक हसले. अजिंक्यही हसला. मला मात्र हसू आलं नाही.

"साहेब, मी क्वालिटीला आहे," मी उभा राहिलो. "आमच्याकडं पार्टचं भोक मापायला गेज असतो. गेज आत गेला तर पार्ट पास, नाही गेला तर रिजेक्ट. आता समजा एका शिफ्टला चांगला दिसणारा माल धडाधड रिजेक्ट व्हायला लागला. तर आम्ही काय करतो? माल भंगारात टाकतो? नाही. आधी मास्टर पीस आणतो. मास्टर पीस म्हणजे असा पार्ट, की त्याच्या मापाबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. त्याला गेज लावतो. गेजनं मास्टरलाच रिजेक्ट केलं, तर गेज खराब. बरोबर?"

"हो, पण हे सॉफ्टवेअर आहे दादा."

"असू दे की. मास्टर पीस आणलाय मी."

आणि मी ज्ञानदेवतात्यांना पुढं केलं. तात्या म्हणजे पिंपरीत तीस वर्षं युनियन चालवलेला माणूस. पगारवाढीचा करार झाला की गेटवर उभं राहून दोन हजार कामगारांना अख्खा वाचून दाखवायचे, एक कलम सुटायचं नाही. आता रोज सकाळी टपरीवर गावाला पेपर वाचून दाखवतात. या माणसाला वाचता येतं का, असा प्रश्न कुरणवाडीत शेंबड्या पोरालासुद्धा पडणार नाही.

तात्यांनी चष्मा पुसला, पाटी हातभर लांब धरली आणि खड्या आवाजात सुरू केलं, "गावात पानी न्हाई. आई हिरीवर गेली हाय..."

हिरवा. लाल. लाल. हिरवा. लाल. पोरं बाकावर उभी राहून बघत होती. तात्यांचं वाचन संपलं. पाटीनं थोडा विचार केला आणि रडणारं तोंड दाखवलं.

वर्गात जो गोंधळ उठला तो विचारू नका. पोरं टाळ्या पिटून नाचायला लागली. तात्या मात्र लाल झाले होते. मस्करीला म्हणून आलेला म्हातारा, पण ते तोंड बघून त्यांच्या जिवाला लागलंच.

"पोरा," तात्या म्हणाले, "मला वाचाया येतंय का न्हाई?"

"येतं की आजोबा."

"तुला कसं कळलं?"

"मी ऐकलं ना आत्ता."

"मंग ह्या मॅडम रोज ऐकत्यात. त्यांचं का चालंना? ह्या डबड्याचंच का चालतं?"

मॅडमनी लगेच आपली वही पुढं केली. प्रत्येक पोर कोणत्या तारखेला काय वाचतं, कुठं अडतं, सगळं त्यात होतं. अजिंक्यनं दोन पानं उलटली. खरंच वाचली बिचाऱ्यानं. मग वही परत दिली.

"मॅडम, काम छानच आहे. पण हे हातानं लिहिलेलं सिस्टीम घेत नाही. मी वर कळवतो, उच्चारांचा मुद्दा आहे म्हणून. पुढच्या वर्षी कदाचित सुधारणा होईल."

"आन ह्या वर्साचं काय?" काकूनं विचारलं.

"या वर्षीची यादी शिक्षण विभागाकडं गेली आहे आजी. फक्त सह्या राहिल्यात. आणि..." तो पाटीकडं बघून चाचरला. "आजोबांनी पिंकीच्या नावावर वाचलं ना, म्हणून तिच्या नावावर आता दोनदा शून्य पडलंय."

म्हणजे माझ्या शहाणपणानं पोरीचं आणखी वाटोळं झालं. आगीतून फुफाट्यात. मी रागानं पाटी उचलली होती, आपटायचीच म्हणून. मॅडमनी माझा हात धरला. "समाधानभाऊ, आपटलीत तर सगळे म्हणतील, गावाला शिकायचं नाही. वरच्यांना तेच हवंय." मी पाटी ठेवली.

अजिंक्यनं सहा छापील कागद काढले आणि शाईचं पॅड. बाकीचे पालक एकमेकांकडं बघायला लागले. साहेबानं गाडीतून येऊन कागद पुढं केला की आमची माणसं वाकतातच, मग कागदावर काही का असेना. एकीनं तर पेनही हातात घेतलं. अजिंक्य पहिला कागद घेऊन गिरजाकाकूकडं आला.

"आजी, इथं अंगठा."

"काय लिवलंय?"

"तेच, आत्ता बोललो ते. मी वाचून दाखवू?"

"तू नगं." काकूनं पदराआडून पिंकीला ओढून पुढं काढलं. "ही वाचंल. हिनं वाचल्याबिगर आजपातूर म्या कशावर आंगठा दिला न्हाई. लाइटबिलावर न्हाई, बँकंत न्हाई."

"आज्जे, मला न्हाई येत."

"येतंय."

"पाटी म्हनती..."

"पाटीच्या आयला!" काकू अशी ओरडली की खिडकीतली चिमणी उडाली. मग एकदम खाली बसली, पोरीच्या तोंडासमोर तोंड आणून. आवाज उतरला. "पिंके, माजं दोन वाफं जळालं. मला अक्षर दिसत न्हाई, मला तूच दिसतीस. ह्यो मानूस माज्याकडनं काय लिवून घेतोय त्ये मला कळाया पायजेल का नगं? तू गप बसलीस तर मी आंधळ्यावानी आंगठा दीन. देऊ?"

पिंकीनं मान हलवली. कागद घेतला. खूप वेळ नुसता धरून उभी राहिली. भिंतीमागच्या कंपनीत प्रेस दणदण पडत होता, तेवढाच आवाज.

"माझी..." तिनं कागद डोळ्यांजवळ घेतला. "माझी नात कुमारी पिंकी... तिसरीत शिकत आसून... तिला मराठी वाचता येत न्हाई." ती थांबली. वर बघितलं. पुन्हा कागदाकडं बघितलं, आणि ओळ बोटानं धरून परत वाचली, या वेळी मोठ्यानं. "तिला मराठी वाचता येत न्हाई. सबब तिला पयलीच्या गटात बसवन्यास माझी काही हरकत न्हाई."

मॅडमनी तोंडाला पदर लावला. अजिंक्य खाली मान घालून शाईच्या पॅडचं झाकण लावत होता, उघडत होता.

"आसं लिवलंय व्हय?" काकू म्हणाली.

"व्हय."

"माज्या नावानं?"

"व्हय आज्जे. खाली तुजंच नाव हाय. गिरजाबाई."

"पेन दे गं तिला," काकूनं शेजारच्या बाईच्या हातातलं पेन काढून घेतलं. "त्यो शेवटचा न्हाई खोड. आन हाय लिव. हरकत हाय म्हनावं."

"आजी, हा छापील फॉर्म आहे, त्यात खाडाखोड..." अजिंक्यनं हात पुढं केला. तात्यांनी तो हात अलगद धरून ठेवला.

पिंकी फरशीवर बसली. कागद मांडीवर घेतला. 'काही' खोडलं. 'नाही' खोडलं. जीभ दाताखाली धरून, सावकाश, त्याच्यावर नवीन शब्द लिहिला. मी वाकून बघितलं. मला वाटलं होतं पोरगी 'हाय' लिहील. तिनं लिहिलं होतं 'आहे'. काना, मात्रा, सगळं जागच्या जागी.

"वाच आता," काकू म्हणाली.

पिंकीनं त्या 'आहे'वर बोट ठेवलं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं वाचलं, "माझी हरकत हाय."

मग काकूनं पॅडवर अंगठा दाबला आणि त्या कागदावर उमटवला. पेन तिनं पुढच्या पालकाच्या हातात दिलं.

"तुज्या पोराला बी लिवता येतंय का?" तिनं विचारलं.